आवाज मागनं भरू

सुताची कांडी भरत आली तशी बनुबाईनं ती चातीवरून उतरवून टोपलीत टाकली, रिकामी चढवली आणि सहज मान वर केली. शेडच्या दारात तिचा थोरला भाऊ हरिबा उभा होता.

माग सुरू असले की त्या शेडमध्ये कानाचं काम संपतं. कुणी अगदी जवळ येऊन ओरडलं तरी खडखडाटाखेरीज काही पोचत नाही. हरिबा शेतातला माणूस, त्याला याची सवय नव्हती. तो दोन्ही हातांचा कर्णा करून ओरडत होता आणि त्या हातांनीच त्याचं तोंड झाकलं गेलं होतं.

बनुबाईनं खूण केली, हात खाली घे.

त्यानं हात खाली घेतले. मग तिला त्याचे ओठ दिसले.

"चंद्री," तो म्हणत होता. "चंद्री पेटीत दिसणार हाय."

बनुबाईच्या बोटांतला धागा तुटला.

चंद्री तिची थोरली लेक. ती चैत्रात गेली होती आणि आता आषाढ निम्मा सरला होता.

विट्यात मागावर काम करणाऱ्या बायका आवाजाशिवाय बोलतात. ते कुणी शिकवत नाही. पाळीच्या पाळी समोरासमोर बसून ओठांवरून बोलणं कळायला लागतं, पुढं पुढं तर मान खाली असली तरी डोळ्यांच्या कडेनं कळतं. बनुबाईच्या समोरच्या चातीवर चंद्री परकरात असल्यापासून बसत होती. मायलेकी दिवसभर बोलायच्या. मालक दोघींच्या मधून गेला तरी त्याला पत्ता नसे, आणि पुष्कळदा बोलणं त्याच्याच चालीवर, त्याच्याच पोटावर चाललेलं असे. चंद्री कशी, ओठ हलले न हलले असं बोलायची. आता तिच्या जागेवर धाकटी मनू बसत होती. मनू अजून तोंड भरून, एकेक शब्द मोठा करून बोलायची.

"काय झालं, आये?" मनूनं समोरून विचारलं.

बनुबाई उठली आणि भावाबरोबर बाहेर बोळात आली.

"पेटी म्हंजी?"

"टीव्ही गं. हिरेकेरीच्या शाळेत सरकारनं बसवलाय न्हवं का. आभाळातनं चित्रं येत्यात त्याच्यात." हरिबा धापा टाकत होता. "थंडीत शहरातली माणसं यंत्र घिऊन आली हुती. गावातल्या बायकांची फिलिम काढून न्हेली. त्यात चंद्री हाय, पोराला मांडीवर घिऊन. माघात एकदा दावली म्हणं. आता शुक्रवारी परत दावत्यात. मग न्हाई. म्हैनाअखेरीला ते समदंच बंद हुणार हाय."

"चालती-बोलती?"

"चालती-बोलती."

बनुबाईनं पदराचं टोक तोंडाला लावलं. चंद्रीचा एकही फोटो घरात नव्हता. लग्नात काढायचा म्हणून तासगावचा फोटोवाला सांगितला होता, तो आलाच नाही. पुढं काढू, पुढं काढू म्हणता पुढचं काही उरलं नाही. सासरहून, हिरेकेरीहून निरोप आला तो "पोटात दुखाय लागलं आन् एका दिसात गेली" असा. सरहद्दीपलीकडचं गाव, चार ठिकाणी गाड्या बदलायच्या. बनुबाई पोचली तेव्हा माती होऊन गेली होती. अलीकडं कांड्या भरताना ती चंद्रीचं तोंड आठवायला बघायची. नाक आठवायचं, कपाळ आठवायचं, पण सगळं एका जागी बसायचं नाही.

"आन् दुसरं," हरिबा म्हणाला, "त्याच खेपंला मनीची सुपारी फोडून टाकू. सिद्धू काय वाईट हाय? पोरगं बी आपल्या नदरंखाली ऱ्हाईल. परक्या पोरीच्या हातात जाण्यापरीस मावशीच्या हातात बरं. काय?"

हे बोलणं महिनाभर चाललं होतं. थोरली गेली की धाकटी त्याच जावयाला द्यायची, लेकराला सावत्रपणा नको, ही रीतच होती आणि ती काही वाईटही म्हणता येत नव्हती. नवरा गेल्यापासून घरातला शब्द हरिबाचाच होता. मनूलाही विचारून झालं होतं. ती म्हणाली होती, "शिवूसाठी मी जाईन की." शिवू विट्यातच जन्मला होता. पहिले तीन महिने त्याचं न्हाणं, त्याची धुरी सगळं मनूनंच केलेलं.

बनुबाईनं मान हलवली. होय म्हणाली की नुसतीच हलवली, ते हरिबानं विचारलं नाही.

*

हिरेकेरीत ती दोघं बहीणभाऊ पोचली तेव्हा दिवस कलला होता. जतच्या पुढं माळ नुसता उघडा पडलेला, पाऊस नावाला शिंपडून गेलेला. फाट्यावर उतरून अर्धा कोस चालावं लागलं.

विहीण निंगव्वा दारातच होती. घरात कानडी चाले, पण सरहद्दीवरच्या सगळ्यांसारखी तिलाही मराठी येत होती. तिनं पाय धुवायला तांब्या दिला आणि काखेतलं पोर बनुबाईच्या पुढं धरलं.

"घ्या तुमचा नातू. तुमचंच तोंड घेऊन आलंय बघा."

शिवू वर्षाचा झाला होता. तो बनुबाईकडे बघून ओठ काढून रडण्याच्या बेतात आला, मग तिच्या गळ्यातल्या तुळशीच्या माळेला त्यानं हात घातला आणि गप्प झाला. बनुबाईनं त्याला छातीशी धरलं. त्याच्या केसांना एरंडेलाचा वास होता. पोर नीट ठेवलेलं होतं, यात खोटं नव्हतं.

व्याही गुंडाप्पा ओसरीवर तक्क्याला टेकून बसले होते. जावई सिद्धू त्यांच्या मागं भिंतीशी उभा होता. त्यानं वाकून नमस्कार केला आणि बिडी पेटवायला म्हणून गोठ्याकडं गेला.

"मग हरिबा पाव्हणं, टीव्ही बघून आलं की सुपारी फोडायची," गुंडाप्पा म्हणाले. "पाच माणसं सांगून ठेवलीत. आडकित्ता तुमीच चालवायचा. मामाचा मान हाय."

"चालवू की. त्यासाठीच आलोय."

"पोरीची काय कुरकुर न्हाई न्हवं?"

"आवं, तीच म्हणाली जाते म्हणून."

"शाणी हाय. थोरली जरा आडमुठी हुती." गुंडाप्पांनी हे असं म्हटलं, जसं कुणी गेलेल्या बैलाबद्दल म्हणावं, राग नाही आणि लोभही नाही.

बनुबाई आत चुलीपुढं येऊन बसली. निंगव्वा भाकरी थापत होती. मोठी कामसू बाई. हात चालता चालता तोंडही चालायचं.

"आता मनी येतंय म्हटल्यावर मला काळजी न्हाई बघा. ती आली की पोर तुमचंच. तुमी कवाबी या, चार दिस ऱ्हावा, न्ह्या. दुसऱ्या घरची आली तर ती कशाला तुमाला दारात हुबं करंल? तिचं काय नातं तुमच्यासंगं?"

"व्हय," बनुबाई म्हणाली.

"दिवाळीतच म्हटलं हुतं मी. आमच्या धाकट्या मल्लूला द्या मनी, दोघी भणी एका घरात नांदतील. तुमी म्हणलासा लहान हाय, थांबा. थांबून काय मिळालं? आता त्याच घरात, पर थोरल्याला." तिनं भाकरी तव्यावर टाकली. "देवाच्या मनात असंल ते."

दिवाळीतलं ते बनुबाईला आठवत होतं. बाळंत झालेल्या सुनेला न्यायला निंगव्वा विट्याला आली तेव्हा चार माणसांसमोर तिनं मनूला मागणी घातली होती. चंद्री तेव्हा पोराला पाजत बसली होती. तिनं मान वर केली आणि परत खाली घातली. पुढं निघेपर्यंत निंगव्वा तिच्या अंथरुणाशेजारीच झोपली, परसाकडंही दोघी बरोबरच गेल्या. निघताना चंद्री उंबऱ्यात बसून राहिली होती. "ऊठ गं, गाडी चुकंल," असं बनुबाईच म्हणाली होती. लेकींना माहेर सोडवत नाही. सगळ्याच बसतात तशा.

"त्या फिलिमच्या दिशी लय मज्जा झाली," निंगव्वा हसली. "ती शहरातली बाई, केस कापलेलं. आमच्या चंद्रव्वाला म्हणाली, पोराला घिऊन ह्या लिंबाखाली बस, यंत्राकडं बघून बोल. हिला कानडी धड येत न्हाई. म्हटलं, बाई, हिचं कानडी ऐकून गाव हसंल. तर ती बाई म्हणतंय, काहीबी बोल, काय येतंय ते बोल, आवाज आम्ही मागनं भरू. आवाज म्हणं मागनं भरत्यात! पोत्यात ज्वारी भरल्यागत."

"मग? बोलली?"

"कुठलं! मी शेजारीच हुबी हुते की. लाजलं बघा. नुसतं तोंड हलवलं, आवाजच फुटंना. ती बाई म्हणाली, छान, छान, असंच पायजे. मी म्हटलं, काय छान? मुकं दिसंल." निंगव्वानं भाकरी उलटली. "पर हौस दांडगी. झाल्यावर त्या बाईला इचारतंय, हे विट्याला बी दिसतंय का म्हणून. ती म्हणाली, आभाळातनं येणार, समद्या देशात दिसंल. तर दिसभर खूश. माघात लागलं तवा मागं बसून बघितलं, आन् दुसऱ्या दिशी आमच्या धाकट्याला इचारतंय, विट्याचं कुणी आलं का, कायतरी निरोप हाय का. कशाचा निरोप? येडं हुतं थोडं."

बनुबाईनं शिवूला एका मांडीवरून दुसऱ्या मांडीवर घेतलं. विट्याला तसली पेटी नव्हती. चंद्रीला ते कोण सांगणार?

*

शाळेच्या छपरावर मोठी छत्री उताणी ठेवल्यासारखं काहीतरी होतं. छत्रीला कापड नव्हतं, कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी होती. खाली वऱ्हांड्यात लाकडी कपाटात टीव्ही ठेवलेला आणि कपाटाची किल्ली मास्तरांच्या जानव्यात. सगळं गाव अंगणात बसलं होतं, बाप्ये एकीकडं, बायका एकीकडं, पोरं पुढं धुळीत.

मास्तर मूळचे मिरजेचे. मराठी माणसं आली म्हणताच त्यांना बरं वाटलं आणि ते हरिबाला समजावून सांगू लागले. वर आभाळात एक उपग्रह आहे, तो एका जागी ठरून राहतो. अहमदाबादहून चित्र त्याच्याकडं जातं आणि तो ते खाली या जाळीवर टाकतो.

"आपल्या देशाचा हाय व्हय त्यो?" हरिबानं विचारलं.

"नाही हो. पेटी आपली, जाळी आपली, चित्रं आपली. उपग्रह अमेरिकेचा. वर्षासाठी उसना आणलाय. महिनाअखेरीला त्यांचा त्यांना परत."

"म्हंजी शेजारणीच्या भांड्यात आपली आमटी," एक म्हातारा मागून म्हणाला आणि लोक हसले.

"आपलाही गेलाय की एक वर, मागच्या साली," मास्तर जरा दुखावून म्हणाले. "पण त्यातून चित्र येत नाही. येईल पुढं. आपला स्वतःचा सोडतील, मग गावोगाव दिसेल."

"तुमच्या विट्याला बी," म्हातारा हरिबाला म्हणाला. "तवर आमच्याकडं जेवाय या."

मास्तरांनी कपाट उघडलं आणि खटका फिरवला. त्यांनी आणखी एक गंमत दाखवली. बटण एकीकडं फिरवलं की कानडी आणि दुसरीकडं फिरवलं की तेलगू. चित्र तेच, त्यातला माणूस तोच, बोलणं मात्र वेगळं.

"मराठी कुठल्या बाजूला?" बनुबाईनं विचारलं. एवढ्या वेळात ती पहिल्यांदाच बोलली होती.

"मराठी नाही यात, बाई."

आधी बातम्या झाल्या. मग ज्वारीवरच्या किडीचं काहीतरी दाखवलं. शिवू मांडीवर उभा राहून पोरांकडं बघत होता. सिद्धू आला नव्हता. बनुबाईनं दोनदा मागं वळून बघितलं. शाळेच्या फाटकाशी बिडीचा ठिपका दिसत होता, तो सिद्धू असेल किंवा नसेल.

मग पडद्यावर एक लिंबाचं झाड आलं. कुणीतरी "चंद्रव्वा, चंद्रव्वा" म्हणालं आणि सगळ्या बायका बनुबाईकडं वळल्या.

लिंबाखाली चंद्री बसली होती.

नाक, कपाळ, सगळं एका जागी होतं. मांडीवर पाच महिन्यांचा शिवू होता. गळ्याची हाडं वर आलेली. विट्याहून गेली तेव्हा बाळंतिणीचं तेज होतं अंगावर, ते दीड महिन्यात कुठं गेलं होतं कोण जाणे. शेजारी निंगव्वा उभी होती, नवं लुगडं नेसून, हात पोटावर घेऊन. एक बाई गोड आवाजात कानडी बोलू लागली. आवाज चंद्रीच्या तोंडावर बसवला होता, पण तो तिचा नव्हता. मोठ्या घरच्या, शिकलेल्या बाईचा होता तो.

"पोराला उकळलेलं पाणी पाजा म्हणत्या," हरिबा बाप्यांच्या बाजूनं सरकत येऊन कुजबुजला. त्याला कानडी येत होतं. "तसं केल्यापास्नं माझं लेकरू आजारी पडलं न्हाई म्हणत्या."

बनुबाईला तो आवाज अडचण करू लागला. मागावर कसं, खडखडाटाला अर्थ नसतो, तो बाजूला टाकता येतो. या आवाजाला अर्थ होता आणि तो मध्ये मध्ये येत होता. तिनं शिवूला मांडीत दाबून धरलं आणि दोन्ही हातांचे तळवे कानांवर घट्ट ठेवले. शेजारच्या बाईला वाटलं, आईला सोसवत नाही. तिनं बनुबाईच्या पाठीवर हात ठेवला.

चंद्री यंत्राकडं, म्हणजे सरळ समोर, बघत होती. ओठ हलले न हलले असे हलत होते.

आये.



आये, मी हाय. हे बग. पोरगं बरं हाय.

पडद्यातल्या निंगव्वानं मान वळवून खाली बघितलं आणि परत समोर बघितलं. चंद्री थांबली होती. तिनं शिवूच्या टाळूवरून हात फिरवला. मग ओठ पुन्हा हलले, आता जरा घाईनं.

आये, मनीला हितं

आणि पडद्यावर नळ आला.

नळातून पाणी पडत होतं, खाली घागर होती, घागर भरली. मग हंडा आला. मग झाकण ठेवलेला माठ. मग शाळेतली पोरं हात धुताना. बनुबाई वाट बघत राहिली. लिंबाचं झाड परत आलं नाही. एक ढोलकीसारखं काही वाजलं, अक्षरं आली आणि ते संपलं.

तिनं कानांवरचे हात काढले.

"काय गोड बोलली गं पोर!" हरिबानं उपरण्यानं डोळे पुसले. "समदं कसं धडाधडा."

बनुबाई उठली. शिवूला काखेत घेऊन ती बसलेल्या पोरांमधून वाट काढत थेट मास्तरांपाशी गेली.

"ते परत लावा की. आत्ताचं. लिंबाखालचं."

"परत कसं लावू, बाई? ते इथं नाही. वरून येतं. येऊन गेलं की गेलं."

"मदीच तोडलंय त्यांनी. तिचं बोलणं व्हायचं हुतं."

"झालं की सगळं. पाण्याचं सांगून झालं."

"व्हय," बनुबाई म्हणाली. "पाण्याचं झालं."

*

सगळी घराकडं निघाली. हरिबा पुढं होता, निंगव्वा शेजारून चालत होती आणि फिलिममध्ये आपण कशा दिसलो ते सांगत होती. शिवू खांद्यावर झोपला होता.

मनीला हितं. पुढं काय?

मनीला हितं दे. मनीला हितं देऊ नगंस. मनीला हितं धाड, हेही होऊ शकत होतं. अंगावर पिणारं पोर, परका मुलूख, बोलायला कुणी नाही, बहीण चार दिवस सोबतीला यावी असं कुठल्या पोरीला वाटणार नाही? बनुबाईनं ते तिन्ही आपल्या ओठांवर म्हणून बघितले. तिन्हींची सुरुवात एकच होती. आपल्या बोलीत होय की नाही ते शेवटाला येतं, आणि तो शेवट त्या शहरातल्या माणसांनी कापून तिथं नळ लावला होता. त्यांचा तरी काय दोष? त्यांना ते नुसतं तोंड हलताना दिसलं.

संक्रांतीला हरिबा येऊन गेला होता. त्याच्यापाशी चंद्रीनं निरोप दिला तो एवढाच, तिळगूळ पोचला, सगळं बरं आहे. मनीला धाडून द्या असं म्हणायचं असतं तर ती तेव्हाच म्हणाली असती. सासूच्या समोर म्हणाली असती. मनीला द्या हे तर सासूला आवडणारंच होतं. ते मोठ्यानं म्हटलं असतं तर निंगव्वानं तिच्या तोंडात साखर घातली असती.

जे मोठ्यानं बोलता येतं, ते कुणी ओठांच्या कडेनं कशाला बोलेल?

बनुबाई वाटेत थांबली. निंगव्वा दोन पावलं पुढं जाऊन वळली.

"काय झालं? पाय मुरगळला?"

"न्हाई. चला."

तीन महिने चंद्री विट्याला होती. अंग शेकताना, केस विंचरताना, एकदाही स्वतःबद्दल एक शब्द बोलली नव्हती. बनुबाईनंही विचारलं नव्हतं. मनूचं नाव निघालं तेव्हा ती बोलली, आणि ते आभाळातून आईला दिसेल असं समजून वाट बघत राहिली. माघ गेला, फाल्गुन गेला. विट्यात बनुबाई कांड्या भरत होती.

ओसरीवर कंदील लावला होता. पाच माणसं बसली होती. मध्ये पितळी ताट, त्यात सुपारी, खोबरं, हळदीकुंकू. गुंडाप्पांनी अडकित्ता हरिबाच्या हातात दिला. सिद्धू खाली मान घालून पाटावर बसला होता. वाईट दिसत नव्हता. त्याच्या मनात काय आहे हे त्याच्या तोंडावरून कुणालाही वाचता आलं नसतं, बनुबाईलाही नाही.

ती चौकटीशी उभी राहिली. शिवूनं झोपेत तिच्या खांद्याशी चोळी मुठीत धरली होती. तिनं ती मूठ सोडवली, एक बोट, मग दुसरं. मग तिनं पोर निंगव्वाच्या मांडीवर दिलं.

"बसा की घिऊन. तुमचंच हाय आता," निंगव्वा म्हणाली.

हरिबानं सुपारी अडकित्त्यात धरली. "मग, बने? फोडू न्हवं?"

बनुबाईचे ओठ हलले.

"आं?" हरिबा म्हणाला.

विधवा बाई, परकं घर, पाच पुरुष बसलेले. इतक्या वर्षांत अशा ठिकाणी तिनं कधी तोंड उघडलं नव्हतं. तिनं पुन्हा म्हटलं आणि पुन्हा नुसतेच ओठ हलले.

"लेकीवानीच हाय बघा," निंगव्वा हसून त्या पाच जणांना म्हणाली. "लाजतंय."

"विहीणबाई, मोठ्यानं बोला," गुंडाप्पा म्हणाले. "पाच माणसांच्या कानावर पडाय पायजे."

"मनीला हितं," बनुबाई म्हणाली. आता आवाज होता. घोगरा होता, पण होता. मग पुढचे शब्दही तिनं म्हटले, शेवटच्या नकारापर्यंत, मागाच्या खडखडाटावरून ओरडावं तसे, इतके मोठ्यानं की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली.

 हरिबाच्या हातातली सुपारी तशीच अडकित्त्यात होती.

त्या आवाजानं शिवू दचकून जागा झाला आणि रडायला लागला. बनुबाईचे दोन्ही हात आपोआप पुढं झाले. निंगव्वानं एकदा त्या हातांकडं बघितलं, पोराला पदराखाली घेतलं आणि उठून ती आत गेली.